अक्काचा दीड महिना

रामनगर
२ फेब्रुवारी २०२५

नेत्रा,

पत्रात आधी आशीर्वाद लिहायचा असं शाळेत शिकवलं होतं. तुला आशीर्वाद द्यायचा हक्क मला उरलाय की नाही ते कळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

माझा नंबर तू ब्लॉक केलायस. ओंकाररावांना मी एकदा फोन केला होता. ते नीट बोलले. म्हणाले, "मावशी, तुमचा विषय निघाला की ती दोन दिवस धड जेवत नाही. थोडे दिवस जाऊ द्या." तुझी आई, माझी अक्का, जाऊन सात महिने होत आले. आणखी किती दिवस जाऊ द्यायचे ते न कळून पोस्टानं लिहिते. हुबळीचा पत्ता तुझ्या लग्नपत्रिकेवरनं घेतलाय.

मला माझ्यासाठी काही नको. तुझ्या अप्पांसाठी लिहितेय.

गेल्या आठवड्यात दाजी गावाहून, कुंभारवाड्याहून माझ्या दुकानात आले. येताना वाटेत जोयड्याला बस बदलताना दोन तास बसले होते म्हणे. बांगड्यांच्या कपाटाशेजारच्या स्टुलावर टेकले, पाणी प्याले आणि फोन माझ्या हातात दिला.

"नेत्रानं नंबर बदललाय काय बघ की, रूपाली."

मी बघितलं. नंबर तोच होता. मी म्हटलं, "बदलला असंल, दाजी."

"मग रिंग कशी जाती?"

मी फोन परत त्यांच्या हातात दिला. गावात रेंज नाही हे तुला माहीत आहे. दर रविवारी ते शाळेमागच्या टेकाडावर चढतात, तुला फोन लावतात, रिंग संपेपर्यंत कानाला धरून उभे राहतात आणि खाली येतात. हे ते स्वतः नाही सांगत. शेजारच्या वासूच्या बायकोनं सांगितलं.

बेळगावच्या दवाखान्यात काय झालं ते मी विसरलेली नाही. डॉक्टरांनी अक्काला विचारलं, हा त्रास किती दिवसांपासून आहे? अक्का म्हणाली, "दीड महिना झाला असंल." तू अप्पांकडे वळलीस. "दीड महिना एका घरात राहून तुम्हाला दिसलं नाही?" अप्पा खाली बघत राहिले. त्यांना दिसत होतं आणि शेतीच्या कामाच्या नादात त्यांनी डोळेझाक केली, असा तू अर्थ काढलास. तेराव्याला गेलीस ती परत आली नाहीस.

त्यांना माहीत नव्हतं, नेत्रा. एवढं माझं ऐक. मला कसं माहीत, ते विचारू नको.

राहिलं गोळ्यांचं. तू आईच्या ट्रंकेतून सात रिकाम्या डब्या काढून माझ्यासमोर मांडल्या होत्यास. मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, असल्या केसांच्या गोळ्यांनी हा आजार होत नाही. तेव्हा मी तिला काही खायला घालून मारलं, असं मनात ठेवू नको. बाकी मलाही तुझ्याएवढंच माहीत होतं.

अप्पांचा फोन एकदा उचल.

रूपाली मावशी


रामनगर
२३ फेब्रुवारी २०२५

नेत्रा,

रजिस्टरची पावती परत आली. तिच्यावर तुझी सही आहे. पत्र घेतलंस म्हणजे फाडून टाकायच्या आधी थोडं तरी वाचलं असशील असं धरून चालते. अप्पांचा फोन मात्र अजून उचलला नाहीस.

त्या पत्रात मी गोळ्यांचं चार ओळींत संपवलं. ते बरोबर नव्हतं. नीट सांगते.

दोन हजार तेवीसच्या श्रावणात अक्का दुकानात आली होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली. मग दार लोटून घेतलं, डोक्यावरचा पदर काढला आणि माझ्यापुढे मान वाकवली. "बघ गं."

भांग बोटभर रुंद झाला होता. टाळू दिसत होती. लहानपणी तिची वेणी घालताना आमच्या आईच्या मुठीत केस मावायचे नाहीत. मी शेजारी माझी उंदराची शेपटी घेऊन बसायचे आणि रडायचे. त्याच अक्कानं पिशवीतून प्लॅस्टिकचा डबा काढला. आत गुंतवळ होतं, आठ दिवसांचं. फणीला येणारं तिनं टाकलं नव्हतं, मला दाखवायला ठेवलं होतं.

"नेत्राला बघाय येणार हाईत," ती म्हणाली. "विहीणबायच्या म्होरं पदर सरकला तर लाज वाटंल मला."

तुझे काका गेल्यावर नुसत्या बांगड्या-टिकल्यांवर दुकान चालत नव्हतं हे तुला ठाऊक आहे. त्याच वर्षी मी त्या कंपनीच्या गोळ्या विकायला घेतल्या होत्या. बेळगावला एका हॉलमध्ये मीटिंग व्हायची. बायोटिन, जस्त, अमुक पाल्याचा अर्क, सगळं पडद्यावर दाखवायचे. आम्हां बायकांना उभं करून पाठ करून घ्यायचे. मी कधी कुणापुढे माईकवर बोलले नव्हते, तिथं बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ते आवडलं होतं, हे पण लिहून टाकते.

अक्काला पहिली डबी मी दिली. रोज एक, जेवणानंतर, तीन महिने तरी. तिनं एक दिवस चुकवला नाही. केस आले नाहीत. उलट जातच राहिले. मी म्हणायचे, जुने गेल्याशिवाय नवे कसे येतील?

आता दुकानाच्या दारावरच्या फोटोचं. तुझ्या लग्नादिवशी अक्काचा अंबाडा मी घातला. आत गंगावन होतं. माझ्याच दुकानातलं, मीच निवडलेलं, तिच्या केसांच्या रंगाचं. वरून अबोलीचा गजरा गुंडाळला की कुणाला कळायचं कारण नव्हतं. तिनं आरशात बघितलं आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसली. मी मागून फोटो काढला. ती म्हणाली, "ह्यो ऱ्हाऊ दे. नेत्राला दाखव."

मी तुला दाखवला नाही. श्रावणात मी काढलेला भांगाचा फोटो आणि हा अंबाड्याचा फोटो शेजारी-शेजारी लावले, खाली 'नऊ महिन्यांतला फरक' असं लिहिलं आणि स्टेटसला ठेवले. मग त्याचं मोठं पोस्टर करून दुकानाच्या दारावर लावलं. गावोगावच्या बायका आल्या. अक्कानं एकदा ते पोस्टर बघितलं होतं. "माझं तोंड दिसत न्हाई ते बरं हाय," एवढंच म्हणाली.

तेराव्यानंतर हुबळीची बस पकडायला तू रामनगरला उतरलीस, तेव्हा तुझी आई पाठमोरी माझ्या दारावर होती. मी म्हटलं, गडबडीत काढायचं विसरले. विसरले नव्हते. दवाखान्यातून येता-जाता रोज दिसत होतं. ते काढलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, का काढलंस? मग मी काय सांगणार होते?

आता ते नाही. तू गेलीस त्याच दिवशी काढलं. फाडवेना, म्हणून गुंडाळी करून माळ्यावर टाकलंय.

गिऱ्हाईक आलंय. इथंच थांबवते.

रूपाली मावशी


रामनगर
१७ मार्च २०२५

नेत्रा,

काल कुंभारवाड्याला जाऊन आले. जे लिहायचं मी दोन पत्रांत टाळलं ते आज लिहिते. आज लिहिलं नाही तर पुन्हा होणार नाही.

घर स्वच्छ होतं. अप्पा स्वतः भात शिजवतात. अंगणात सुपाऱ्या वाळत होत्या. पण भिंतीवरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर त्यांनी काढलेलं नाही. मे आणि जूनची पानं उघडी आहेत आणि त्यांवर पेन्सिलीनं बारीक खुणा आहेत. मी विचारलं, हे काय?

"कमलचा दीड महिना शोधूलालोय," ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही. मग ते माझ्याजवळ बसून एकेक खूण सांगायला लागले. ह्या दिवशी ती नदीवर कपडे धुवाय गेली, मग तवा बरी असंल. ह्या दिवशी जेवली न्हाई, म्हटली पित्त झालंय. हितं मी चार दिस फॉरेस्टच्या कामाला कुळगीला होतो. "ह्या चार दिसांत काय झालं असंल काय, रूपाली? नेत्रा बरोबर म्हणती. एका घरात होतो मी. मला कुठल्या दिसापासनं दिसाय पायजे होतं, तेवढं सांग. मग मी गप बसतो."

त्या पानांवर त्यांना ते कधीच सापडणार नव्हतं. दीड महिना खरा नव्हताच, नेत्रा. आठ महिने झाले होते. आणि ते एका माणसाला माहीत होतं. ते माणूस मी.

दसऱ्याच्या आधी अक्का दुकानात आली होती. पाळी जाऊन तिला तीन वर्षं झाली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "रूपाली, तुझ्या गोळ्यांनी परत अंगावरनं जातं काय गं?"

मी आधी दार लोटून घेतलं. तिच्यासाठी नव्हे. हे बाहेर कळलं तर कोण घेईल माझ्या गोळ्या, म्हणून. मीटिंगमध्ये आम्हांला शिकवलेलं होतं, कुणी तक्रार केली तर काय म्हणायचं ते. तेच मी माझ्या सख्ख्या बहिणीला म्हटलं. "अंगातली घाण जातीय अक्का. चांगलं हाय. गोळी लागू पडली."

तिचा माझ्यावर विश्वास होता. दहावी झालेली, दुकान चालवणारी, माईकवर बोलणारी बहीण. ती बरं म्हणाली आणि आणखी दोन डब्या घेऊन गेली.

जानेवारीत परत आली. थांबत नव्हतं. जिना चढताना धाप लागत होती, नखं पांढरी पडली होती. ह्या वेळेला तिनंच म्हटलं, "दांडेलीला बाईडॉक्टर हाय म्हणं. येतीस काय माझ्यासंगट?" मी हो म्हटलं. दिवस ठरवला. त्याच आठवड्यात तुझी सोयरीक पक्की झाली.

ठरल्या दिवशी ती आली, पण दवाखान्यात जायला नाही. साडीचं ब्लाउज शिवायला टाकायला आली. म्हणाली, "आत्ता काय निघालं तर लोक म्हणतील पोरीच्या आईला असलं काय काय हाय. सोयरीक मोडंल. लगीन हूं दे, मग जाऊया." ह्यांना सांगायचं नाही आणि नेत्राला तर अजिबातच नाही, असं माझ्याकडून वचन घेतलं.

मी तिला ओढत न्यायला पाहिजे होतं. दांडेली काय लांब नाही. पण तिनं नको म्हटल्यावर मला बरं वाटलं, नेत्रा. डॉक्टरांनी डबी हातात घेऊन काय विचारलं असतं याची मला धास्ती होती. ती टळली. तुझी आई घाबरली होती लोकांना, आणि मी घाबरले होते माझ्या दुकानासाठी. दोघींनी मिळून एप्रिलातल्या लग्नापर्यंत दिवस काढले. लग्नात ती दोनदा आत जाऊन आडवी झाली. तू विचारलंस तेव्हा मीच म्हटलं, दमलीय.

जूनमध्ये ती चुलीपुढे पडली तेव्हा अप्पांनीच तिला वासूच्या जीपमधून जोयड्याला नेलं. तिथून बेळगाव. गर्भपिशवीचा कॅन्सर, आणि पुढे गेलेला. रक्त सहावर आलेलं. डॉक्टर मला बाहेर बोलवून म्हणाले, "केस गळायचे थांबले नाहीत ते ह्याच्यामुळं. अंगात रक्तच नव्हतं. त्या वेळी नुसतं रक्त तपासलं असतं तरी पुढचं सगळं निघालं असतं." मी पहिल्या पत्रात तुला त्यांचं एकच वाक्य सांगितलं. दुसरं हे.

आणि मग त्यांनी अक्काला विचारलं, किती दिवस? खोलीत तू होतीस, अप्पा होते, मी होते. अक्कानं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, दीड महिना. तिनं मला वाचवलं. त्यात अप्पा सापडतील हे तिच्या ध्यानात आलं नसेल. तू त्यांच्यावर ओरडलीस तेव्हा तिनं उठायचा प्रयत्न केला होता. तुला वाटलं तिला कळ आली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला परत निजवलं. तो हात मी कशासाठी ठेवला ते मला माहीत आहे.

काल हे सगळं मी अप्पांना सांगितलं. त्या कॅलेंडरापुढे बसून. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मी थांबल्यावर उठून गाईला पाणी दाखवून आले. पायरीवर बसले. मला वाटलं, आता हे मला घराबाहेर काढतील.

ते म्हणाले, "नेत्राला सांगू नगो."

"दाजी, ती तुमच्याशी बोलत न्हाई."

"न्हाई बोलू दे. दीड महिना म्हटल्यावर तिला वाटतंय, आई तशीबी वाचली नसती. आठ महिने म्हटलं तर आई वाचली असती ह्ये तिला जन्मभर कळत ऱ्हाईल. लग्नाच्या दिवशीबी आई तसलीच उभी होती, ह्ये कळंल. माझ्यावर राग हाय तो हाय. तो मी सोसतो."

मला निघताना त्यांनी पिशवीभर केळी दिली. बसपर्यंत सोडायला आले. मला एक शब्द वाईट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी सांगू नको म्हटलं, तरी मी सांगतेय. एक वचन पाळून काय झालं ते मी बघितलंय. त्यांचं म्हणणं खरं असेल, तुला हे वाचून आणखी दुखेल. पण तू अप्पांना ज्याची शिक्षा देतेयस ते त्यांनी केलेलं नाही, आणि जिनं केलं ती रोज सकाळी दुकान उघडतेय.

लग्नाचा दोष स्वतःकडे घेऊ नको. तुला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तू मुहूर्त पुढे ढकलला असतास आणि आईला उचलून नेलं असतंस. तेवढ्यासाठीच तुला सांगितलं नाही.

रूपाली


रामनगर
१५ जून २०२५

नेत्रा,

तुझं पत्र आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पण पंचवीस मार्चला अप्पांचा फोन आला, टेकाडावरनं. रविवार नव्हता, मंगळवार होता. म्हणाले, "नेत्रा आलीया." मागे कुठंतरी तुझा आवाज आला, अप्पा, टेकाड उतरताना फोनवर बोलू नका.

नंतर वासूच्या बायकोकडून कळलं, तू आठ दिवस राहिलीस. कॅलेंडर उतरवलंस. दोघं बापलेक अंगणात बसून खूप वेळ भांडलात आणि मग जेवलात. अप्पांनी सांगू नको म्हटलेलं मी सांगितलं म्हणून ते माझ्यावर रागावलेत का, ते तिला ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नाही. जाताना तुझी बस रामनगरला दहा मिनिटं थांबते. मी दुकानातून बघितली. तू उतरली नाहीस. खिडकीतल्या बाईच्या मांडीवर पिशवी होती आणि ती समोर बघत होती. ती तूच होतीस.

तुला सांगायचं म्हणून नाही, पण घडलं म्हणून लिहिते. गोळ्या विकणं मी मागच्या वर्षीच सोडलं. तरी बायका येतात, पोस्टर बघितलेल्या. मेमध्ये दिग्गीहून फुला नावाची एक बाई आली. तिशीची असेल. पदर काढून भांग दाखवायला लागली. मी तिला बसवलं आणि विचारलं, अंगावरनं किती जातं? ती लाजली. दाराकडे बघायला लागली. मी म्हटलं, मला लाजू नको, मी ह्यात माझी बहीण घालवलीया. मग तिनं सांगितलं.

दुकान बंद करून मी तिला जोयड्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. रक्त सातच्या खाली होतं. पिशवीत गाठी निघाल्या, साध्या. पुढची तपासणी कारवारला झाली. ती बरी होईल म्हणतात. ती मला अक्का म्हणायला लागली होती. मी तिला सांगितलं, मला नावानं हाक मार.

अक्काच्या जागी फुला वाचली, असं मी मनाला सांगून बघितलं. तसं काही होत नाही. फुला फुलाची वाचली. अक्का अक्काची गेली.

परवा अप्पा आले होते. या महिन्याच्या अठ्ठावीसला वर्षश्राद्ध आहे हे सांगायला. स्टुलावर बसले, पाणी प्याले. मी म्हटलं, दाजी, मी येत न्हाई. दुकान हाय. ते म्हणाले, "नेत्रानं तुला निरोप दिलाय." मी हातातलं खाली ठेवलं.

त्यांनी तुझा निरोप तुझ्याच शब्दांत सांगितला, एक शब्द इकडचा तिकडे न करता. "मावशीला यायचं असलं तर येऊ दे. आईची बहीण हाय ती. पण माझ्याशी बोलू नको म्हणावं."

मी येईन, नेत्रा. सकाळच्या पहिल्या बसनं येईन. मागच्या अंगाला पाणी भरीन, भांडी घाशीन, पानं वाढून झाली की वासूच्या बायकोजवळ बसून जेवीन. संध्याकाळच्या बसनं परत जाईन.

तुझ्याशी बोलणार नाही.

रूपाली